‘रक्तातच आहे’ म्हणजे नेमकं कुठे?

मराठीत एखादी गोष्ट ‘रक्तातच आहे’ म्हटलं की तिचा अर्थ वडिलोपार्जित असाच होतो. कुणाच्या रक्तात गाणं असतं, कुणाच्या रक्तात कुस्ती. त्यामुळे घरात कुणाला ब्लड कॅन्सर किंवा लिम्फोमा (लसीकाग्रंथींचा कॅन्सर) निघाला की उपचाराइतकीच काळजी मुलांच्या सोयरिकीची लागते. त्यात रिपोर्टवर गुणसूत्रांतल्या बदलाचा उल्लेख आला की उरलीसुरली शंकाही संपते. आजार भावकीपासून लपवला जातो, फाइल कपाटात जाते. या आजारांबद्दलचा सगळ्यांत घातक गैरसमज हाच, म्हणून सुरुवात त्याच्यापासून.

खरोखर आनुवंशिक असलेला रक्तदोष नाशिक जिल्ह्याला नवा नाही. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरच्या आदिवासी पाड्यांवर सिकलसेल आहे. ११व्या गुणसूत्रावरच्या हिमोग्लोबिनच्या जनुकात एकाच अक्षराची अदलाबदल झालेली असते आणि ती जन्मापासून शरीरातल्या प्रत्येक पेशीत असते. आई-वडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के. तिथे लग्नाआधी तपासणी हवीच.

लिम्फोमाचं तसं नाही. आपल्या पांढऱ्या पेशींपैकी बी-पेशी प्रतिपिंडं बनवतात. हजारो वेगवेगळ्या जंतूंना पुरे पडायचं म्हणून या पेशी स्वतःचाच डीएनए कापतात आणि नव्या तऱ्हेने जोडतात. हे काम मुख्यतः १४व्या गुणसूत्रावर चालतं. शिंपी कापड बेतताना चुकून दुसऱ्याच ठाणाचा तुकडा शिवून बसावा, तसं कधीतरी १४व्या गुणसूत्राला १८व्याचा तुकडा जोडला जातो. त्या तुकड्यावर बीसीएल-२ हे जनुक असतं आणि त्याचं काम पेशीला मरू न देणं. १४व्यावर ते सतत चालू राहतं, पेशी ठरल्या वेळी मरत नाही. फॉलिक्युलर लिम्फोमाची सुरुवात बहुतेक वेळा इथून होते. ८व्याचा तुकडा आला तर त्याच्यावरचं मिक जनुक पेशीला भराभर वाढायला लावतं. बर्किट लिम्फोमात हेच घडतं. हा आजार डेनिस बर्किट या शल्यविशारदाने १९५८ साली युगांडातल्या मुलांमध्ये नोंदवला होता.

ही चूक एका माणसाच्या एका पेशीत, जन्मानंतर केव्हातरी होते. ती त्याच्या शुक्रपेशीत किंवा स्त्रीच्या बीजांडात नसते, म्हणून मुलांकडे जात नाही. रुग्णाच्या गाठीत सापडलेला बदल त्याच्याच गालाच्या आतल्या त्वचेत शोधला तर मिळणार नाही. सख्ख्या नातेवाइकांना लिम्फोमाचा धोका इतरांपेक्षा थोडा अधिक असतो हे खरं. बहुतेक प्रकारांत तो दीड ते तीन पट धरतात, सीएलएल या प्रकारात त्याहून जास्त. पण मूळ आजारच विरळ असल्याने ही वाढ धरूनही बहुतेक नातेवाईक जन्मभर त्यापासून दूर राहतात. एवढ्यावरून लग्न मोडणं हा अन्याय आहे.

दुसरी भीती द्राक्षपट्ट्यातली. दिंडोरी-निफाडकडे डावणी आणि भुरीसाठी हंगामात कितीतरी वेळा फवारणी करावी लागते, आणि ‘औषधांनीच कॅन्सर होतो’ हे वाक्य बांधावर नेहमी ऐकू येतं. त्यात तथ्य आहे, पण सरसकट नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१५ साली लिंडेन हे कीटकनाशक माणसात कॅन्सर घडवणारं असल्याचं ठरवलं, आणि तेही नॉन-हॉजकिन लिम्फोमाच्याच पुराव्यावरून. तणनाशक ग्लायफोसेटला त्याच वर्षी ‘बहुधा कॅन्सरकारक’ या गटात टाकलं. फ्रान्समधल्या शेतकऱ्यांच्या रक्ताचा काही वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा कीटकनाशकांशी संबंध येणाऱ्यांत १४-१८ची जोडणी असलेल्या पेशी वाढलेल्या दिसल्या.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. अतिसंवेदनशील चाचणी केली तर हीच जोडणी निरोगी प्रौढांपैकी निम्म्या किंवा त्याहून अधिक जणांच्या रक्तात तुरळक पेशींत सापडते, आणि त्यांतल्या बहुतेकांना लिम्फोमा कधीच होत नाही. एका बदलाने कॅन्सर होत नाही. पुढच्या चुका एकावर एक साचाव्या लागतात. धोका ब्लोअरमागे उघड्या तोंडाने चालणाऱ्या मजुराला जास्त, धुतलेली द्राक्षं खाणाऱ्याला नव्हे. मास्क, हातमोजे आणि फवारणीनंतर अंघोळ यांवरचा खर्च औषधाच्या एका डब्याइतकाही नसतो. तो करायलाच हवा.

‘गुणसूत्रात दोष निघाला म्हणजे आता काही उरलं नाही.’ हेही ऐकलेलं वाक्य. इथे उलटं उदाहरण फार मोठं आहे. १९६० साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना सीएमएल या रक्ताच्या कॅन्सरमध्ये एक आखूड गुणसूत्र दिसलं. १९७३ साली शिकागोच्या जॅनेट राउली यांनी दाखवलं की ते नुसतं तुटलेलं नाही, ९ आणि २२ या गुणसूत्रांनी तुकड्यांची अदलाबदल केली आहे. त्या सांध्यावर तयार होणाऱ्या प्रथिनाला अडवणारी गोळी, इमॅटिनिब, २००१ साली बाजारात आली. एके काळी काही वर्षांत माणूस नेणारा हा आजार आता बहुतेकांसाठी रोज गोळी घेऊन सांभाळायचा झाला आहे. भारतात या औषधाच्या पेटंटचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १ एप्रिल २०१३ रोजी कंपनीची मागणी फेटाळली गेली आणि स्वस्त जेनेरिक गोळ्यांची वाट मोकळी राहिली. म्हणजे रिपोर्टवर ९-२२चा बदल दिसणं ही डॉक्टरसाठी नेमकं औषध सापडल्याची खूण असते.

लहान मुलांच्या एका ल्युकेमियात तर पेशीत ४६ऐवजी ५० पेक्षा जास्त गुणसूत्रं असणं हे चांगलं लक्षण मानतात. अशी मुलं उपचारांना उत्तम दाद देतात. काही बदल वाईटच असतात, हे लपवण्यात अर्थ नाही. मिक आणि बीसीएल-२ दोन्ही जनुकं एकाच गाठीत बिघडली असतील तर तो लिम्फोमा आक्रमक असतो. पण तेही आधी कळलं तरच उपचार जोरकस ठरवता येतात.

लिम्फोमा आपल्या पिढ्यांना माहीत झाला तो १९७१च्या ‘आनंद’मधून. त्यातल्या नायकाला आतड्याचा लिम्फोसार्कोमा असतो आणि तो वाचत नाही. तेव्हाच्या औषधांचा विचार करता ते खोटं नव्हतं. आज मोठ्या बी-पेशींच्या सर्वाधिक आढळणाऱ्या लिम्फोमात रिटुक्सिमॅबसह केमोथेरपी दिली तर निम्म्याहून बरेच अधिक रुग्ण पूर्ण बरे होतात.

बोन मॅरो तपासणीबद्दल थोडक्यात. ती पाठीच्या कण्यातून होत नाही. सुई कमरेच्या हाडाच्या मागच्या बाजूला जाते आणि तिथे मज्जारज्जू नसतो. ‘पाठीतलं पाणी काढलं की माणूस पांगळा होतो’ या भीतीपायी नकार देणाऱ्यांचे लाखमोलाचे आठवडे जातात.

‘आता रक्ताच्या एका चाचणीत सगळा कॅन्सर कळतो’ हेही पूर्ण खरं नाही. आपल्या अंबडमधल्या दातार कॅन्सर जेनेटिक्सच्या स्तनाच्या कॅन्सरसाठीच्या रक्तचाचणीला २०२१ साली अमेरिकेच्या एफडीएने ‘ब्रेकथ्रू’ दर्जा दिला. नाशिककरांना त्याचा अभिमान वाटावा. मात्र हा दर्जा म्हणजे मंजुरी नव्हे, परीक्षण लवकर व्हावं यासाठीची ती सवलत असते. आणि लिम्फोमाचं निदान आजही गाठीच्या तुकड्यावरच ठरतं.

हे संशोधन फक्त परदेशात होतं, असंही नाही. परळचं टाटा रुग्णालय १९४१ साली सुरू झालं आणि डॉ. वसंत खानोलकरांनी १९५२ साली तिथे कॅन्सर संशोधन केंद्र उभं केलं. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे तिथेच घडल्या. त्याच परंपरेत आयआयटी मुंबई आणि टाटा यांची नेक्सकार-१९ ही देशी कार-टी उपचारपद्धती आली. २०२३ साली तिला मंजुरी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते लोकार्पण झालं. यात रुग्णाच्याच टी-पेशी काढून त्यांत नवं जनुक घालतात. मग त्या पेशी बी-पेशींवरची सीडी-१९ ही खूण ओळखून त्यांना मारतात. ‘जनुक बदललं म्हणजे वंश बदलला’ ही शंका इथे गैरलागू आहे, कारण बदल फक्त त्या टी-पेशींत असतो.

आता सगळ्यांत जवळचा गैरसमज: मानेत गाठ म्हणजे टीबीच. आपल्याकडे टीबी खूप, त्यामुळे डॉक्टरांनाही आधी तोच आठवतो. पण तपासणी न करता सहा महिने टीबीची औषधं घेतली आणि शेवटी लिम्फोमा निघाला, असे रुग्ण देशभर दिसतात. न दुखणारी, तीन-चार आठवड्यांत न जाणारी गाठ, रात्री कपडे भिजवणारा घाम, उगाच घटणारं वजन असेल तर सुईने पाणी काढून थांबू नका. शक्य असेल तर अख्खी गाठ काढून तपासायला सांगा. पंचवटी एक्सप्रेसने परळला जायचं ठरलं तर नुसता रिपोर्ट नेऊ नका. गाठीचा तुकडा मेणात बसवून प्रयोगशाळा जपून ठेवते, त्याला ‘ब्लॉक’ म्हणतात. गुणसूत्रांची तपासणी पुढे त्यावरच होते. स्लाइड आणि ब्लॉक दोन्ही मागून घ्या आणि सोबत ठेवा.