स्पंज : समुद्रतळाचे मुद्दल

पेढीवर नोटा मोजताना बोट ओले करण्यासाठी ठेवलेला स्पंजाचा तुकडा सर्वांच्या परिचयाचा आहे. आज तो बहुधा कारखान्यात तयार होतो. परंतु ज्याचे नाव व रूप त्याने घेतले, तो मूळ स्पंज हा एका सागरी प्राण्याचा सांगाडा होय.

या प्राण्यास मुख नाही, उदर नाही, हृदय नाही, मज्जातंतूही नाहीत. खडकाला चिकटूनच तो आयुष्य कंठतो. म्हणून पुष्कळ काळ विद्वानही त्यास वनस्पती समजत. १८२५ च्या सुमारास एडिंबरोच्या रॉबर्ट ग्रँट यांनी जिवंत स्पंज सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्याच्या मोठ्या छिद्रातून पाण्याची धार अखंड बाहेर पडताना त्यांना दिसली. बारीक रंध्रांवाटे पाणी आत घ्यावयाचे, चाबकासारखे सूक्ष्म केस हलवून ते पुढे ढकलावयाचे, त्यातील सूक्ष्म जंतू अन्न म्हणून ठेवून घ्यावयाचे व गाळलेले पाणी बाहेर सोडावयाचे, हाच त्याचा नित्य व्यवहार.

बहुतेक स्पंजांच्या अंगात टणक, टोकदार सुया असतात. स्नानाच्या स्पंजात मात्र स्पंजिन नावाच्या लवचीक प्रथिनाच्या तंतूंचे जाळे असते. त्याचा मऊपणा तो यामुळेच. भूमध्य समुद्र, फ्लोरिडा व बहामा येथील उबदार पाणी ही त्याची प्रसिद्ध वसतिस्थाने होत.

ग्रीसमधील कालिम्नोस बेटाचा प्रपंच पिढ्यानपिढ्या याच मालावर चालला. पूर्वी पाणबुडे हाती जड, चपटा दगड धरून एका श्वासात तळ गाठीत. १८६० नंतर हवेची नळी जोडलेला पोशाख आला. माल वाढला, परंतु खोल पाण्यातून घाईने वर आलेले कित्येक तरुण पंगू झाले, कित्येक दगावले आणि स्पंजांचे मळेही विरळ झाले. त्यातच १९८६ पासून भूमध्य समुद्रात स्पंजांवर रोगाची साथ पसरली, तर १९९९ मध्ये पाणी असाधारण तापल्याने पुन्हा हानी झाली. आधीच विरळ झालेल्या मळ्यांस ही तूट भरून काढणे कठीण गेले.

वास्तविक बुंधा खडकावर राखून वरचा भाग कापला, तर स्पंज पुन्हा वाढतो, हे ॲरिस्टॉटलनेही नोंदविले आहे. झांझिबारमधील जांबियानी गावी स्त्रिया कापलेले तुकडे दोरीला ओवून समुद्रात वाढवितात, ते याच गुणाच्या आधारावर. बुंधा हे मुद्दल, वाढ हे व्याज. मुद्दल खाणाऱ्या पेढीचे काय होते, हे व्यापारी बंधूंस निराळे सांगावयास नको.