विश्लेषण : स्टीफन किंग यांच्या पुस्तकांवर अमेरिकी शाळांत सर्वाधिक बंदी का?

‘कॅरी’, ‘द शायनिंग’, ‘इट’ अशा कादंबऱ्यांनी पाच दशके वाचकांची झोप उडवणारे स्टीफन किंग २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात अमेरिकी शाळांमध्ये सर्वाधिक बंदी आलेले लेखक ठरले. याच किंग यांनी स्वतःची एक कादंबरी मात्र आपणहून बाजारातून काढून घेतली आहे. भयकथांचा हा बादशहा आणि त्याच्या पुस्तकांभोवतीचा वाद नेमका काय?

बंदी किती आणि कशी?

लेखन स्वातंत्र्यासाठी काम करणाऱ्या ‘पेन अमेरिका’च्या अहवालानुसार त्या वर्षात २३ राज्यांतील सरकारी शाळांत पुस्तकबंदीच्या ६,८७० नोंदी झाल्या. त्यापैकी २०६ नोंदी किंग यांच्या पुस्तकांच्या असून त्यांच्या ८७ पुस्तकांना फटका बसला. सुमारे ८० टक्के नोंदी फ्लोरिडा, टेक्सास आणि टेनेसी या तीनच राज्यांतल्या आहेत. बंदी म्हणजे पुस्तक देशात बेकायदा ठरले असे नव्हे. ते शाळेच्या ग्रंथालयातून किंवा वर्गातून हटवले गेले, असा त्याचा अर्थ. फ्लोरिडातील २०२३च्या कायद्यानुसार लैंगिक वर्णनाबद्दल तक्रार आली, तर निर्णय होईपर्यंत पुस्तक पाच दिवसांत कपाटातून काढावे लागत होते. हिंसा आणि लैंगिक प्रसंग असलेली, शिवाय संख्येनेही भरपूर असलेली किंग यांची पुस्तके या चाळणीत सहज अडकतात.

किंग यांची सुरुवात कशी झाली?

मेन राज्यातील पोर्टलंड येथे १९४७मध्ये जन्मलेल्या किंग यांचे वडील ते दोन वर्षांचे असताना घर सोडून गेले. आईने मिळेल ती कामे करून दोन मुलांना वाढवले. पदवीनंतर किंग यांनी लाँड्रीत काम केले, मग शाळेत इंग्रजी शिकवले. ‘कॅरी’ची सुरुवातीची पाने त्यांनी कचऱ्याच्या टोपलीत टाकली होती, पत्नी टॅबिथा यांनी ती बाहेर काढली आणि कथा पूर्ण करायला लावली. कादंबरी १९७४मध्ये आली. प्रकाशकाने आगाऊ अडीच हजार डॉलर दिले होते. स्वस्त आवृत्तीचे हक्क मात्र चार लाखांना विकले गेले. निम्मा वाटा हाती येताच त्यांनी नोकरी सोडली.

त्यांची भीती वेगळी कशी?

किंग यांच्या कथांत भुते असतात; पण ती शिरतात ओळखीच्या घरात. वर्गातल्या मुलींनी छळलेली कॅरी, दारूपायी स्वतःच्या मुलावर हात उगारणारा ‘द शायनिंग’मधील बाप, लेखकाला डांबून ठेवणारी ‘मिझरी’तील चाहती ही माणसे वाचकाला शेजारची वाटतात. किंग स्वतः दारू आणि कोकेनच्या व्यसनात अडकले होते आणि त्या काळाचे सावट आपल्या लेखनावर असल्याचे त्यांनी सांगितले आहे. ‘द शॉशँक रिडम्प्शन’ हा गाजलेला चित्रपटही त्यांच्याच लघुकादंबरीवरचा. त्यात तर भूतच नाही. समीक्षकांनी दीर्घकाळ त्यांना बाजारू लेखक मानले. २००३मध्ये ‘नॅशनल बुक फाउंडेशन’ने त्यांचा सन्मान केला, तेव्हा समीक्षक हॅरॉल्ड ब्लूम यांनी जाहीर टीका केली होती.

स्वतःचे पुस्तक मागे का घेतले?

‘रिचर्ड बाकमन’ या टोपणनावाने किंग यांनी १९७७मध्ये ‘रेज’ प्रसिद्ध केली. त्यात एक विद्यार्थी शिक्षिकेला गोळी घालून वर्गाला ओलीस धरतो. पुढे शाळांतील काही हिंसक घटनांशी या पुस्तकाचे नाव जोडले गेले. डिसेंबर १९९७मध्ये केंटकीतील एका शाळेत गोळीबार करून तीन मुलींचा जीव घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या लॉकरमध्ये त्याची प्रत सापडली. त्यानंतर किंग यांनी कादंबरीची छपाई थांबवली. २०१३मधील ‘गन्स’ या निबंधात त्यांनी भूमिका मांडली : पुस्तकाने कुणी खुनी होत नाही, पण आधीच पेटलेल्या मनात ते तेल ओतू शकते. कोणत्याही कायद्याने त्यांना भाग पाडले नव्हते, निर्णय लेखकाचा होता.

मराठी वाचकाशी नाते काय?

किंग हे नाव ऐकण्याआधीच अनेक मराठी वाचकांनी त्यांची गोष्ट नारायण धारपांकडून ऐकली आहे. धारपांची ‘लुचाई’ ही किंग यांच्या ‘सालेम्स लॉट’वर बेतलेली. ‘ग्रॅमा’ या कथेवरून धारपांनी ‘आजी’ लिहिली आणि तिची छाया २०१८च्या ‘तुंबाड’ चित्रपटातील आजीच्या प्रसंगात दिसते.

बंदीबाबत किंग यांचे म्हणणे काय?

पुस्तक शाळेतून हटवले, तर वाद घालत बसू नका. जवळचे सार्वजनिक ग्रंथालय किंवा दुकान गाठा आणि तुमच्यापासून काय लपवले जात आहे ते वाचा, असा सल्ला ते विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे देत आले आहेत. अर्थात, ज्या गावात दुकान नाही आणि हाती पैसे नाहीत, तिथल्या मुलासाठी शाळेचे कपाट हेच एकमेव ग्रंथालय असते. ते रिकामे झाले, तर हा सल्ला पाळायचा कसा, हा प्रश्न उरतोच.