वाट त्यांची, पुस्तक आपलं

एक्समूर, इंग्लंड

लोणी काळभोरहून फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला: राजवाडे पाहिलेस का? इंग्रज आपला इतिहास जपतात, हे आपण धरूनच चालतो. जपतात खरे, पण इथल्या ओअर या चिमुकल्या खेड्यात लोक जे जपतात, ते कधी घडलेलंच नाही.

आर. डी. ब्लॅकमोर यांची ‘लॉर्ना डून’ ही कादंबरी 1869ची. कथा मात्र सतराव्या शतकातली. डून हे दरोडेखोर घराणं, जॉन रिड हा शेतकरी. ओअरच्या चर्चमध्ये त्याचं लॉर्नाशी लग्न लागत असताना कार्व्हर डून खिडकीतून तिच्यावर गोळी झाडतो. मी गेलो तेव्हा दोन वयस्क बायका, गोळी नेमक्या कुठल्या खिडकीतून आली, यावर हिरिरीनं वाद घालत होत्या. एकीच्या हातातलं पुस्तक खुणेच्या चिठ्ठ्यांनी फुगलं होतं. ब्लॅकमोरचे आजोबा इथलेच धर्मगुरू. नातवाचं स्मारक चर्चमध्ये आहे; कादंबरीच्या शंभरीला, 1969 साली, ओढ्याकाठीही त्याच्या नावाचा दगड उभारला.

मला आपलाच राग आला. थेऊर फाट्यावरून आत वळलं की चिंतामणीचं देऊळ. तिथे थोरले माधवराव पेशवे 18 नोव्हेंबर 1772 रोजी क्षयानं गेले. वय अवघं 27. पत्नी रमाबाई सती गेल्या. त्यांच्यावरची रणजित देसाईंची ‘स्वामी’ ही कादंबरी 1962ची; आमच्या आळीत ती बायकांनी डोळे पुसत वाचली. आणि चतुर्थीला आपण तासन्‌तास रांगेत उभे राहतो, दर्शन घेतो, पेढे घेतो नि गाडी काढतो. नदीकाठी रमाबाईंचं वृंदावन आहे, तिकडे किती जण वळतात?

इथलंही सगळं गोड मानू नका. डूनांची दरी तुडवून आलेल्या एका तरुणाला मी आवडतं प्रकरण विचारलं, तर त्यानं कादंबरी उघडलेलीसुद्धा नव्हती! आपल्याकडे पुस्तक पाठ आणि जागा परकी. इथे वाट पाठ आणि पुस्तक परकं. मात्र लॉर्ना लेखकाच्या मनातली, हे इथे शाळकरी पोरही सांगतं. ‘स्वामी’तले संवाद आपण पेशव्यांचेच शब्द म्हणून ऐकवतो.

म्हणून लोणीकरांनो, पुढच्या चतुर्थीला पिशवीत ‘स्वामी’ टाका. दर्शनानंतर पोरांना नदीवर न्या, शेवटची पानं मोठ्यानं वाचा. त्यातलं देसाईंचं कोणतं आणि इतिहासाचं कोणतं, तेही तिथेच सांगा. ओअरहून आपल्याकडे जास्त आहे, वापरा.