संघात कोण, आणि कुठला?

पालघर जिल्ह्यातल्या वैतरण्याला पहाटे रस्त्यावर पोरं धावताना दिसतात. बहुतेकांची नजर पोलीस भरतीच्या 1600 मीटरवर. कुणाच्या बुटाचा तळवा सुटलेला, कुणी अनवाणीच. यातला एखादा खरोखर वेगवान निघाला, तर भारतीय संघापर्यंतची वाट तालुका, जिल्हा, राज्य अशी चढत जाते. वाटेत कुठंही नाव गळलं की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, निवडलेला कुठला?

हा प्रश्न जुना आहे. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या 1919 च्या स्पर्धेत शेतकऱ्यांची पोरं अनवाणी पळताना पाहून दोराबजी टाटांनी ऑलिंपिकचं मनावर घेतलं. 1920 साली अँटवर्पला चार अ‍ॅथलीट आणि दोन मल्ल गेले. बंगालचे पूर्मा बॅनर्जी सोडले तर सगळे मुंबई इलाख्यातले. बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले, तेव्हा निवड वाया गेली असं कुणी म्हणणार नाही. पण चाचणी पुण्यात, म्हणून संघही त्याच बाजूचा. पॅरिसच्या 1924 च्या ऑलिंपिकसाठी आधी प्रांतोप्रांती चाचण्या झाल्या, मग दिल्लीत सगळ्यांना एकत्र पळवलं.

तरी तंटा मिटला नाही. जुलै 2017 मध्ये पालक्काडच्या शेतमजुराची मुलगी पी. यू. चित्रा हिनं भुवनेश्वरला 1500 मीटरमध्ये आशियाई सुवर्ण जिंकलं. खंडाच्या विजेतीला लंडनच्या जागतिक स्पर्धेचं दार उघडं होतं, पण नाव पाठवायचं की नाही हे भारतीय अ‍ॅथलेटिक्स महासंघाच्या हातात. कामगिरीत सातत्य नाही म्हणत महासंघानं तिला वगळलं. केरळ पेटलं. उच्च न्यायालयानं तिला संघात घ्या म्हटलं, पण प्रवेशिकांची मुदत उलटली होती. त्यात संघात नसलेल्या उत्तर प्रदेशच्या सुधा सिंगचं नाव लंडनच्या यादीत निघालं, आणि संशयाला बळच मिळालं.

पण निवडीच्या बैठकीला निरीक्षक म्हणून केरळच्याच पी. टी. उषा हजर होत्या. त्यामुळे निव्वळ प्रांतद्वेषाचा आरोप मला पटत नाही. ‘सातत्य’ म्हणजे नेमकं काय, हे आधी लिहून ठेवलेलं नव्हतं, खोट तिथं होती. चित्रानं 2019 ला दोह्यात तेच सुवर्ण पुन्हा जिंकलं.

पालघर जिल्ह्यातल्या पालकांना आणि क्रीडाशिक्षकांना माझी विनंती आहे: पोरांना चाचणीला नेण्याआधी निवडीचे निकष लेखी मागा, आणि ते मिळेपर्यंत मागत राहा.