उतारावरचा पाचवा प्रश्न

"बाबा, मोठी गाडी काढून टाकतोय. आता डिझेलची घेतो."

डेन्व्हरला मुलाकडे पोचून आम्हांला जेमतेम दोन दिवस झाले होते. जेवताना त्यानं ही बातमी दिली आणि सवयीप्रमाणे माझी नजर कागद-पेन्सिल शोधू लागली. बँकेत जन्म काढलेल्या माणसाचं हे असंच असतं. समोरचा 'गाडी घेतोय' म्हणाला की इतरांना पेढे आठवतात, आम्हांला हप्ता आठवतो.

जुनी गाडी म्हणजे वीस वर्षांचं, आठ सिलिंडरचं, पेट्रोलवर चालणारं धूड. सात माणसं आरामात मावतात. पण ती ठेवली होती माणसांसाठी नव्हे, मागे जोडायच्या घरासाठी. हे चाकांवरचं घर म्हणजे कॅम्पर. त्यात दोन पलंग, शेगडी, मोरी, इतकंच काय, संडाससुद्धा! सामान भरलं की वजन २,७०० किलो. सुट्टी लागली की ते गाडीच्या हुकात अडकवायचं आणि डोंगरात जाऊन राहायचं.

मी रात्री हिशेब मांडला. आपल्याकडे डिझेल वर्षानुवर्षं स्वस्त, कारण ऑक्टोबर २०१४ मध्ये दर खुले होईपर्यंत त्याचा भार सरकार उचलायचं. अमेरिकेत बहुधा उलटं, पंपावर पेट्रोलपेक्षा डिझेलच महाग. गाडीची किंमत तर भलतीच. कॅम्पर बाहेर पडणार वर्षातून पाच-सहा वेळा. मायलेजचा फायदा धरूनही आकडे जुळेनात. सकाळी मी कागद मुलापुढे ठेवला. तो काही बोलला नाही. सूनबाई म्हणाली, "बाबा, सप्टेंबरमधलं यानं तुम्हांला सांगितलेलंच दिसत नाही."

ते असं झालं होतं. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून ५,२८० फुटांवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखराइतकं जवळजवळ. तिथून पश्चिमेला जाणारा महामार्ग चढत चढत आयझेनहॉवर बोगद्याशी ११,१५८ फुटांवर पोचतो. हा बोगदा १९७३ साली खुला झाला. इतक्या उंचीवर हवा विरळ. साध्या पेट्रोल इंजिनाची ताकद तिथं जवळपास एक तृतीयांशानं घटते. जुनी गाडी धापा टाकत, काटा तापमानाच्या लाल रेघेशी नेत कशीबशी वर पोचली. बोगदा ओलांडला आणि खरी परीक्षा सुरू झाली. पलीकडे सिल्व्हरथॉर्न गावापर्यंत सुमारे तेरा किलोमीटरचा उतार. शंभर फुटांना सात फूट, असा. ब्रेक सुटलेल्या ट्रकांना घुसून थांबता यावं म्हणून रस्त्यालगत खडीच्या चढत्या वाटा केलेल्या आहेत, यावरूनच काय ते समजा.

निम्म्यात ब्रेक जळाल्याचा वास आला. पेडल दाबावं तर पाय पार खाली जाई. मागचं घर शेपटीसारखं डोलू लागलं. मुलानं गियर एकेक खाली आणत, त्या खडीच्या वाटेवर नजर ठेवत गाडी कडेला घेतली. चाकांतून धूर येत होता. मागच्या सीटवरची नात जागी होऊन म्हणाली, "आलं का?"

मी कागद घडी करून खिशात ठेवला. मला दुसरंच काही आठवत होतं.

नोकरीतल्या पहिल्या वर्षांत मी उसाच्या पट्ट्यातल्या एका शाखेत होतो. एक तरुण शेतकरी ट्रॅक्टरच्या दुसऱ्या ट्रॉलीसाठी कर्ज मागायला आला. मी चार प्रश्न विचारले. सातबारा कुणाच्या नावावर? पाणी कशाचं? कारखान्याशी तोडणी-वाहतुकीचा करार झालाय का? जामीनदार कोण? चारही उत्तरं चोख होती. कर्ज मंजूर झालं. त्याच हंगामात उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्यांनी एका उतारावर ट्रॅक्टरला मागून रेटलं. ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नव्हतेच. पोरगा वाचला, पण पाय गेला. कर्ज मात्र वेळेवर फिटलं. आमच्या दप्तरी ते खातं उत्तम म्हणून नोंदलेलं आहे.

जुलैत नव्या गाडीतून आम्ही त्याच वाटेनं गेलो. मुलगा समजावून सांगत होता. नव्या इंजिनाची अश्वशक्ती जुन्यापेक्षा कमीच, २९५ च्या जागी २७७. पण ओढायला लागतो तो चाक फिरवणारा जोर. तो जुनीला इंजिनाच्या चार हजार फेऱ्यांवर मिळायचा, हिला दीड हजारांवर मिळतो आणि मिळतोही कितीतरी जास्त. धुराच्याच झोतावर फिरणारा टर्बो हवा दाबून आत ढकलतो, म्हणून उंचीवर दम लागत नाही. धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत युरियाचं पाणी भरावं लागतं. युरिया म्हटल्यावर मला एकदम घरच्यासारखं वाटलं!

चढ ती बोलत बोलत चढली. पण बोगद्याच्या तोंडाशी मुलानं बोलणं थांबवलं. "बाबा, डिझेल इंजिन मुळात उतारावर गाडीला फारसं अडवत नाही," तो नंतर म्हणाला. "म्हणून हिला धूर कोंडून वेग रोखणारा वेगळा ब्रेक आहे. आणि खरं सांगू? त्या दिवशी कॅम्परचे स्वतःचे ब्रेकही ढिले होते. मी वर्षभर बघितलेच नव्हते. तेवढे वेळेवर केले असते, तर जुन्या गाडीनंही कदाचित निभावलं असतं."

आपल्या घाटातले जुने ड्रायव्हर सांगत, ज्या गियरवर चढाल त्याच गियरवर उतरा. कळत नकळत तो तेच करत होता. वेग वाढू द्यायचा नाही, ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही, मध्येच एकदा दाबून सोडायचा. नात मान टाकून झोपली होती. तिची आजी देवाचं नाव घेत होती. मी कुणाचंच घेत नव्हतो, फक्त समोरचा काटा बघत होतो.

सिल्व्हरथॉर्नला त्यानं गाडी थांबवली. उतरून प्रत्येक चाकाजवळ तळहात धरला, मग मला बोलावलं. "बघा बाबा." मीही हात धरला. कोमट होतं.

हिशेब अजूनही जुळत नाही. घरी येऊन मी तो पुन्हा मांडून पाहिला. गाडी महागच पडली. पण त्या कागदाच्या तळाशी मी एक ओळ लिहून ठेवली आहे. चाळीस वर्षांपूर्वी त्या पोराच्या अर्जावर विचारायला हवा होता, तो पाचवा प्रश्न : ओढशील खरं, पण उतारावर थांबवशील कसं?