हप्त्यांची गाडी आणि जादा मैलांचा हिशेब

गोव्यातील पुष्कळ घरांची मुले आज इंग्लंडात स्विंडनसारख्या शहरी स्थायिक झाली आहेत. बडोदे, इंदूर, हैदराबादकडील मराठी कुटुंबांतूनही तिकडे जाणारे थोडे नाहीत. तेथे कामावर जाण्यास गाडी लागते आणि ती बहुधा हप्त्यांवर घेतली जाते. पुढे नोकरी सुटते, कोणी मायदेशी परतावयाचे ठरवितो, हप्ता झेपेनासा होतो. अशा वेळी गाडी मुदतीपूर्वी परत करता येते काय? आणि परत केल्यावर, ठरल्याहून अधिक मैल चालविल्याबद्दल जे बिल येते, ते निमूटपणे भरावे काय? या दोन प्रश्नांचा आज विचार करू.

प्रथम कराराचे स्वरूप पाहू. भाडेखरेदीमध्ये अखेरचा पैसा फिटेपर्यंत गाडी फायनान्स कंपनीच्या मालकीची असते. तिकडे रूढ असलेला पी.सी.पी. हा याचाच एक प्रकार होय. त्यात मासिक हप्ते लहान असतात व शेवटी एक मोठी रक्कम राहते. ती भरून गाडी आपली करावी, अथवा गाडी परत द्यावी. परत येणाऱ्या गाडीची किंमत कंपनीने आधीच अंदाजलेली असते. म्हणून वर्षाला किती मैल चालवावयाची हे करारात लिहितात आणि त्यापुढील दर मैलास काही पेन्स आकार ठरवितात.

मुदतीपूर्वी गाडी परत करण्याचा हक्क ही कंपनीची मेहेरबानी नव्हे. हप्ते थकताच माल उचलून नेणाऱ्या व्यापाऱ्यांना आळा घालण्यासाठी पार्लमेंटच्या सभासद एलन विल्किन्सन यांनी मांडलेल्या विधेयकातून १९३८ चा भाडेखरेदी कायदा झाला. निम्मी किंमत चुकती करून करार संपविण्याची मुभा त्यात होती. तोच हक्क १९७४ च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याच्या ९९ व १०० या कलमांत कायम राहिला आहे. मात्र निव्वळ भाड्याने घेतलेल्या गाडीस ही कलमे लागू नाहीत.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. करार चार वर्षांचा आहे. अनामत १,००० पौंड, दरमहा २५० पौंडांचे ४८ हप्ते आणि अखेरची रक्कम ७,००० पौंड. व्याज धरून एकूण किंमत २०,००० पौंड झाली. तीस हप्त्यांनंतर आपण ८,५०० पौंड भरलेले असतात. निम्म्यास, म्हणजे १०,००० पौंडांस, १,५०० कमी पडतात. तेवढे भरण्याची जबाबदारी पत्करून गाडी परत करता येते. निम्म्याहून अधिक भरले असल्यास जादा रक्कम परत मिळत नाही, आणि मागील थकबाकी चुकत नाही.

आता मैलांचा प्रश्न. याच करारात वर्षाला ८,००० मैल ठरले असतील, तर तीस महिन्यांचे २०,००० होतात. गाडी २३,५०० मैल चालली असेल, तर ३,५०० मैल जादा. मैलास ८ पेन्स दराने बिल २८० पौंडांचे येईल. कंपनी म्हणते, ही अट स्वतंत्र आहे व आपण तिच्यावर सही केली आहे. ग्राहकाची बाजूही दुबळी नाही. शंभराव्या कलमाने जबाबदारीची सीमा निम्म्या किमतीवर आखली आहे. गाडीची वाजवी काळजी न घेतल्यासच ती वाढते, आणि अधिक अंतर जाणे म्हणजे गाडीची हेळसांड करणे नव्हे. शिवाय कायद्याने दिलेले संरक्षण करारातील कलमाने कमी करता येत नाही, असे त्याच कायद्याचे १७३ वे कलम सांगते. दोन्ही बाजूंत तथ्य असल्याने निकाल पुष्कळदा कराराच्या शब्दांवर अवलंबून राहतो. मुदतीपूर्वी करार संपल्यास मैलांचा हिशेब कसा होईल हे त्यात स्पष्ट लिहिले आहे काय, हे प्रथम पाहावे.

व्यवहारात पुढील दक्षता घ्यावी. पत्रात ‘९९ व्या कलमान्वये करार संपवीत आहे’ असे स्पष्ट लिहावे व प्रत जवळ ठेवावी. नुसती किल्ली देऊन ‘गाडी घेऊन जा’ म्हटल्यास कंपनी ती स्वखुशीची शरणागती समजेल, गाडी लिलावात विकील आणि उरलेले सारे कर्ज मागेल. कंपनीने थकबाकीपोटी करार स्वतः संपविला, की हा हक्क उरत नाही. म्हणून विलंब करू नये. गाडी सोपविताना मैलदर्शकाचे व चारी बाजूंचे फोटो घ्यावे आणि पोचपावती मागावी. बिल आल्यावर परवानगीचे मैल गेलेल्या महिन्यांच्या प्रमाणात धरले आहेत काय, दर करारातलाच आहे काय, हे ताडून पाहावे.

बिल मान्य नसल्यास कंपनीकडे लेखी तक्रार करावी. अंतिम उत्तरासाठी तिला आठ आठवड्यांची मुदत असते. उत्तराने समाधान न झाल्यास सहा महिन्यांच्या आत वित्तीय लोकपालाकडे जाता येते. तेथे ग्राहकास फी पडत नाही. लोकपालाचा अंतिम निर्णय ग्राहकाने स्वीकारला तर तो कंपनीवर बंधनकारक होतो. न स्वीकारल्यास कोर्टाची वाट मोकळी राहते.

दूरदेशी एकट्या माणसाला छापील बिल पाहून धास्ती वाटते आणि तो उसनवारी करून पैसे भरून मोकळा होतो. देणे असेल ते द्यावेच. पण मागणी आणि देणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे ध्यानी ठेवावे. तेव्हा आपल्या मुलाचे असे पत्र आले, तर पैसे भरण्यापूर्वी करार पुन्हा एकदा वाच, एवढे त्याला अवश्य कळवा.