बॅशमधली पंचवीस वर्षं जुनी फट

१२ सप्टेंबर २०१४ रोजी चेट रेमी यांना एक खासगी ईमेल आला. रेमी तेव्हा अमेरिकेत क्लीव्हलंडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात नोकरी करत होते आणि ती सांभाळून, कुठलाही मोबदला न घेता, ‘बॅश’ या प्रोग्रामची देखभाल पाहत होते. पत्र लिहिणारे स्टेफान शाझेलास ब्रिटनमध्ये राहणारे, युनिक्सच्या शेलचे बारकावे कोळून प्यालेले. बॅशमध्ये एक असा बग आहे की काही सर्व्हरवर परका माणूस पासवर्डशिवाय हवी ती आज्ञा चालवू शकेल, हे त्यांनी पुराव्यासह कळवलं होतं. पुढे जगाने या बगला ‘शेलशॉक’ म्हटलं.

आपण कमांड टाइप करतो ती वाचून, तिचा अर्थ लावून, ती पार पाडणारा प्रोग्राम म्हणजे शेल. बहुतेक लिनक्स यंत्रणांवर आणि तेव्हाच्या मॅकवर हे काम बॅश करत असे. पडद्यावर माणूस बसलेला नसतानाही शेल राबत असतो. इतर प्रोग्राम आपली छोटीमोठी कामं त्याच्याकडे सोपवत असतात.

एक प्रोग्राम दुसऱ्याला सुरू करतो तेव्हा सोबत काही माहिती देतो: नाव आणि त्याची किंमत, अशा जोड्या. यांना एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणतात. १९८९ साली, ब्रायन फॉक्स बॅश लिहीत होते त्या काळात, त्यात एक सोय आली. एका शेलमध्ये तयार केलेलं फंक्शन त्याने सुरू केलेल्या दुसऱ्या शेललाही वापरता यावं म्हणून ते व्हेरिएबलमध्ये मजकूर म्हणून भरून पाठवायचं. नवा बॅश सुरू होताना सगळी व्हेरिएबलं चाळायचा आणि एखाद्याची किंमत रिकाम्या गोल कंसांनी व त्यापुढे उघडणाऱ्या महिरपी कंसाने सुरू झाली, की तिला फंक्शन समजून वाचायचा.

गफलत इथेच होती. फंक्शनचा महिरपी कंस बंद झाल्यावर बॅश थांबत नसे. त्यापुढे काही लिहिलेलं असेल तर तेही आज्ञा समजून तिथल्या तिथे चालवून टाकत असे.

हा बग पंचवीस वर्षं कुणाच्या ध्यानात का आला नाही, याचं उत्तर मला कोडपेक्षा काळात सापडतं. १९८९मध्ये ही व्हेरिएबलं बहुधा तुमच्याच खात्यातून येत. स्वतःलाच आज्ञा देण्यात धोका कसला? मग १९९३च्या सुमाराला वेब सर्व्हरना बाहेरचे प्रोग्राम चालवता यावेत म्हणून सीजीआय ही पद्धत आली. ब्राउझर स्वतःबद्दल जे सांगतो ते सर्व्हर व्हेरिएबलमध्ये भरून पुढच्या प्रोग्रामला देऊ लागला. ब्राउझरचं नाव म्हणून काय पाठवायचं हे मात्र पलीकडचा माणूस ठरवतो. तिथे त्याने रिकामं फंक्शन आणि त्यामागे एक आज्ञा लिहून पाठवली आणि वाटेत कुठे बॅश सुरू झाला, की ती आज्ञा सर्व्हरवर चाललीच. बॅशची ती सोय होती तशीच राहिली, तिच्याभोवतीचं जग बदललं. असे बग कोड वाचून सापडणं फार कठीण, कारण ओळ जशी लिहायची होती तशीच लिहिलेली असते.

म्हणूनच शेलच्या बगवर चर्चा सुरू झाली की पहिला वाद बहुधा हाच असतो: हा बग की ठरवून दिलेली वागणूक? तो मिटवायला नोंद नेमकी लागते. बॅशसोबत ‘बॅशबग’ नावाची छोटी स्क्रिप्ट येते. आवृत्ती, यंत्राचा प्रकार, बॅश कसा कंपाइल केला हा तपशील ती स्वतः भरते आणि नोंदवणाऱ्याला विचारते: काय घडलं, ते पुन्हा कसं घडवायचं, आणि ठाऊक असेल तर उपाय काय. यातला मधला प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. ‘शेल विचित्र वागतो’ या तक्रारीवर कुणी काही करू शकत नाही. शेलशॉकची चाचणी एका ओळीत मावत होती: व्हेरिएबलमध्ये काहीच न करणारं फंक्शन, त्यामागे एक शब्द छापण्याची आज्ञा, आणि हे व्हेरिएबल सोबत देऊन सुरू केलेला बॅश. शब्द पडद्यावर उमटला की वादाला जागा उरत नाही.

शाझेलास यांनी गवगवा केला नाही. दुरुस्ती तयार होईपर्यंत लिनक्सच्या प्रमुख वितरकांनाच काय ते कळलं. २४ सप्टेंबरला पॅचसह बातमी जाहीर झाली आणि सॉफ्टवेअरमधल्या सुरक्षा-त्रुटींच्या अमेरिकी राष्ट्रीय नोंदवहीत या बगला तीव्रतेचे १० पैकी १० गुण मिळाले. दुसऱ्या दिवसापर्यंत हल्लेही सुरू झाले होते. डेबियन आणि उबुंटूवर मात्र बरीच अंतर्गत कामं ‘डॅश’ हा आटोपशीर शेल करत असल्याने तिथला धोका काहीसा कमी होता.

आणि पॅच अपुरा निघाला. गूगलच्या टॅव्हिस ऑर्मंडी यांनी लगेचच दाखवलं की फंक्शनची मांडणी मुद्दाम मोडकी पाठवली, तर बॅश ती नाकारतो खरा, पण तिचा उरलेला तुकडा पुढच्या आज्ञेला चिकटतो. त्यांच्या उदाहरणात ‘एको डेट’ या निरुपद्रवी आज्ञेने ‘एको’ नावाची फाइल तयार करून तीत तारीख लिहिली. मग मिखाऊ झालेव्स्की यांनी वेडेवाकडे मजकूर भराभर तयार करून चाचणी घेणारं स्वतःचं साधन बॅशवर लावलं आणि आणखी दोन चुका काढल्या.

एकेक भोक बुजवत बसण्याचा मार्ग इथे संपला. रेड हॅटच्या फ्लोरियन वाइमर यांनी मुळावरचा उपाय सुचवला: कुठल्याही नावाच्या व्हेरिएबलमध्ये फंक्शन शोधायचंच नाही. फंक्शनचं व्हेरिएबल ठरावीक उपसर्ग आणि प्रत्यय असलेल्या नावानेच आलं पाहिजे. ब्राउझरचं नाव ज्या व्हेरिएबलमध्ये जातं, ते असं नाव धारण करू शकत नाही. मग आतला मजकूर कितीही धूर्त असो, बॅश तो फंक्शन म्हणून वाचतच नाही. शेलशॉकमधला सर्वांत शहाणा निर्णय माझ्या मते हाच, कारण फंक्शन वाचणाऱ्या कोडमध्ये आणखी चुका उरल्या असल्या तरी परक्या मजकुराला तिथवर पोचण्याची वाट बंद झाली. रेमी यांनी थोड्या फेरफाराने तो स्वीकारला आणि चालू ४.३ आवृत्तीबरोबरच थेट २.०५बीपर्यंतच्या जुन्या आवृत्त्यांसाठीही पॅच काढले. बॅश आजही फंक्शन त्याच नव्या पद्धतीने पुढे पाठवतो.